नूरजहां शिष्टर आणि बावन्न-चौतीस

"चाकाला हात कुनी लावला?"

"कुठल्या चाकाला?"

"ह्या. सलाईनच्या नळीवरच्या."

"लावला आसंल कुनीतरी."

"त्या कुनीतरीचं नाव सांग."

"इंद्रजित."

"आन् तुझं?"

"तेच की."

नूरजहां शिष्टरनं बाटलीकडं बघितलं. दुपारपर्यंत पुरावी म्हणून लावलेली बाटली सकाळच्या चहाच्या वेळेलाच चपटी होऊन लटकत होती. नळीवरचं पांढरं चाक पार वरपर्यंत सरकवलेलं. खाटेवर आकाराम डोळे मिटून पडला होता, पायाशी त्याची बायको तानुबाई बसली होती आणि उशाशी उभ्या पोराच्या तोंडावर काम उरकल्याचं समाधान होतं.

असं का केलं म्हणून तिनं विचारलं. इंद्रजितनं सरळ सांगून टाकलं. त्यांच्या वाडीवर लाईट असते तेवढ्यात ठिबकची टाकी मोकळी करायची असते. थेंब थेंब बघत बसलं की लाईट जाते आणि निम्मी टाकी तशीच राहते. हाताला तीच सवय. थेंब दिसला की चाक सोडायचं.

"बाटलीला लाईट लागती व्हय रं?"

"ते मागनं ध्यानात आलं."

"ही साधी बाटली हुती म्हणून निभावलं. आता जी लावायची हाय ती साधी न्हाई. तिच्या चाकाला हात लावलास तर तुझा बाप हितनं चालत जायचा न्हाई, आन् मी तुला चालत जाऊ द्यायची न्हाई."

हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं. आवाज चढवणं तिनं वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत कधीच सोडून दिलं होतं. विट्यातल्या त्या दवाखान्यात पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त, आणि नातेवाईकांपेक्षा त्यांचे सल्ले जास्त. त्यात ओरडून काय उपयोग.

नूरजहां मुलाणी मूळची कडेगावकडची. बाप बादशहा गावचा मुलाणी. जत्रेला, नवसाला बकरं कापायचं ते त्याच्या हातानं. धनगरांच्या तळावर तो सुरी घेऊन जायचा आणि पोरगी मागनं पिशवी घेऊन. काळीज, फुप्पुस, गुर्दा हे तिनं नर्सिंगच्या पुस्तकात बघितलं त्याच्या कितीतरी आधी परातीत बघितलेलं. मिरजेला शिकायला गेली तेव्हा बाकीच्या पोरी चित्र बघून नावं पाठ करायच्या आणि हिला वासानं ओळखू यायचं. नवरा अफताब विट्यातच गाड्यांच्या गाद्या शिवतो. तो म्हणतो, ही घरात कमी बोलते, कारण बोलायचं तेवढं सगळं दवाखान्यात संपवून येते.

ते खरं आहे. तिला समजावून सांगायची खोड. डॉक्टर एका वाक्यात सांगून पुढच्या खाटेकडं गेले की ही तेच पेशंटच्या रानातनं, चुलीतनं फिरवून सांगायची. बीपी म्हणजे मोटारीचं प्रेशर, किडनी म्हणजे विहिरीवरची जाळी. लोकांना पटायचं. कधीकधी फारच पटायचं. काळजाच्या नळीत बसवलेली स्प्रिंग म्हणून तिनं एकाला सांगितलं, तर तो घरी जाताना स्प्रिंगची वॉरंटी किती वर्षांची ते विचारून गेला.

आकारामची गोष्ट अशी. विट्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या अंगाला त्यांची वाडी. जन्म मेंढरामागं गेला. यंदा इंद्रजितनं कळप विकला आणि माळावर डाळिंब लावलं. बापाला विचारलं होतं का, तर विचारलं होतं. बाप नको म्हणाला होता. म्हणजे विचारलं होतं, एवढंच. म्हाताऱ्यानं भांडण केलं नाही. जेवण सोडलं. कोरा चहा तेवढा घ्यायचा. तीन आठवडे झाले, कंबरेला धोतर राहीना, तेव्हा तानुबाईचा भाऊ अर्जुना दोन मेंढ्या घेऊन आला आणि दारात बांधल्या. म्हातारा उठून बसला आणि भाकरी मागितली.

मग काय. घरात दिवाळी. सकाळी शिरा, दुपारी मटण, संध्याकाळी परत मटण, झोपताना दूध. गावातल्या डॉक्टरनं ताकदीची म्हणून साखरेची सलाईन चढवली. तीन दिवस म्हाताऱ्यानं खाल्लं आणि चौथ्या दिवशी त्याची मान धरवेना. जीभ जड झाली. श्वास वरच्या वर चालायला लागला. वाडीवर लोक म्हणाले, आनंद सोसला नाही.

विट्याच्या दवाखान्यात आणल्याआणल्या गुरव डॉक्टरांनी रक्त काढायला लावलं आणि रिपोर्ट बघून सांगितलं. लांबच्या उपासानंतर एकदम भरपूर अन्न गेलं की शरीर रक्तातलं फॉस्फेट आत ओढून घेतं आणि रक्तात उरत नाही. मग स्नायू चालत नाहीत, श्वासाचेसुद्धा. फॉस्फेट शिरेतनंच द्यायचं, भरपूर पातळ करून, पंपावर, सहा तास लावून. शिरा-मटण बंद, पातळ पेज नाकातनं घातलेल्या नळीनं, डॉक्टर सांगतील तेवढीच. तोंडानं काही म्हणजे काही नाही, गिळताना छातीत जाईल. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन त्यांनी आधीच दिलं होतं.

डॉक्टर गेले. तानुबाईनं नवऱ्याच्या पोटावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी उपाशी मेंढरू एकदम शाळवाच्या हिरव्या रानात सोडल्यागत झालं की."

"तसंच," नूरजहां म्हणाली.

"मेंढराला मी कवा सोडलं न्हाई तसं."

"मग ह्यास्नी कसं सोडलं?"

"ह्ये मेंढरू हाय व्हय?"

नूरजहांनं म्हाताऱ्याची उशी सारखी केली. तोवर इंद्रजितनं रिपोर्टचा कागद हातात घेऊन त्यातली इंग्रजी अक्षरं जुळवली होती. फॉस्फरस. डाळिंबवाल्याला तो शब्द नवा नव्हता.

"स्फुरद कमी आलंय व्हय? आमच्या मातीतबी कमीच हाय."

आणि मग त्याच्या डोक्यात पुढचं पेटलं. त्यानं विचारलं, फॉस्फेट म्हणजे खतातलं ते? शिष्टर म्हणाली, नाव तेच. पोटॅश असलेलं? व्हय, पोटॅशियम फॉस्फेट. इंद्रजित खाटेपासनं मागं सरकला. जिवंत माणसाच्या शिरेत खत सोडायला तो सही करणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. तानुबाईनं तोंडाला पदर लावला. शेजारच्या खाटेवरचा पायाला प्लास्टर घातलेला माणूससुद्धा उठून बसला.

आता सहीवाचून डॉक्टर पुढं जाणार नव्हते आणि म्हातारा इकडं श्वास मोजूनमापून घेत होता. नूरजहांनं स्टूल ओढलं. तिनं तिचं नेहमीचंच केलं. रानात शिरली.

"डाळिंबाला बावन्न-चौतीस सोडतोस न्हवं?"

शून्य-बावन्न-चौतीस हे त्या स्फुरद-पोटॅशच्या खताच्या पिशवीवरचे आकडे. माणदेशात पोरांची जन्मतारीख चुकंल, हे आकडे चुकायचे नाहीत.

"सोडतो की."

"पिशवी फोडून बुडात वततोस?"

"येडा हाय व्हय? मुळी जळंल. टाकीभर पाण्यात इरघळवून, ठिबकनं सावकाश."

"आन् त्याच टाकीत कॅल्शियमचं खत टाकलं तर?"

"दह्यागत गोळं हुत्यात. नळ्या चोंदत्यात. ते येगळ्या दिवशी."

"मग हितंबी तसंच. भरपूर पाण्यात, सावकाश, आन् कॅल्शियमच्या बाटलीसंगं एका नळीत न्हाई. आबांच्या रक्तात स्फुरद न्हाई, ते आमी ठिबकनं देणार. कळलं?"

इंद्रजितला कळलं. इतकं कळलं की त्यानं लगेच सही केली आणि इंजेक्शन विट्यात मिळत नाही म्हटल्यावर मोटारसायकल काढून मलकापूरला निघाला. तिथल्या मोठ्या मेडिकलमध्ये असल्याचं डॉक्टरांनी फोनवर विचारून ठेवलं होतं. नूरजहांलाही बरं वाटलं. पाच मिनिटांत माणूस वळवला. ती बाकीच्या खाटांकडं गेली.

वळवलेला माणूस वळणावर थांबला आणि त्यानं घरी बायकोला, स्वप्नालीला, फोन केला, हे तिला कुठनं कळणार?

तिच्या मनातला विषय संपला होता, इंद्रजितच्या मनात सुरू झाला होता. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. जायला वेळ, यायला वेळ. तोवर बाप कोरडा. आणि घरी शेडमध्ये पिशवी पडलेली. नवी कोरी, पाण्यात शंभर टक्के विरघळणारी, असं तिच्यावरच छापलेलं. नाव तेच, शिष्टरच म्हणाली. त्यानं स्वप्नालीला सांगितलं की डब्यातनं थोडं पाण्यात कालवून घेऊन जा. इंजेक्शन येईस्तोवर आईला म्हणावं चमचा चमचा दे.

स्वप्नाली वडापच्या जीपला बसून आली. हुशार पोरगी. तिनं ते पाणी गाळून घेतलं होतं.

नूरजहां आकारामचा ताप बघायला आली तेव्हा तानुबाई स्टीलच्या डब्यात चमचा ढवळत होती.

"काय हाय ते?"

"पानी."

"पान्याला ढवळायचं काय कारन?"

तानुबाईनं सुनेकडं बघितलं. स्वप्नालीनं कॉलेजात शिकल्यासारखं सांगितलं, "स्फुरद. बावन्न-चौतीस. तुमीच म्हणालात न्हवं, आबांना तेच द्यायचंय?"

नूरजहांनं डबा तानुबाईच्या हातातनं घेतला. तो तिनं झाकण लावून काखेत धरला, कोणी हिसकावून घेईल तसा.

"किती पाजलं?"

"पाजलं कुठं?" तानुबाई म्हणाली. "वठाला लावलं तर थुकला. पयल्यापासनं हट्टी हाय. कडू लागलं आसंल."

म्हाताऱ्याच्या हनुवटीवर ओघळ वाळलेला होता. नूरजहांनं तोंड उघडून बघितलं, ओल्या कापसानं पुसलं, डोकं वर करून ठेवलं, ऑक्सिजनचा आकडा बघितला आणि तशीच डबा घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर आले. छाती ऐकली. आत काही गेलेलं दिसत नाही म्हणाले, तरी लक्ष ठेवायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातनं आलं?

"चमचा त्यांचा," नूरजहां म्हणाली, "सांगनं माजं."

तिनं काय काय सांगितलं होतं ते डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "शेतातनं सांगा, माझी हरकत नाही. पण शेत कुठं संपतं तेही सांगत जा."

ते तिला लागलं. ती परत गेली, स्टूल ओढलं आणि सासूसुनेला बसवून शेत संपवलं.

"हे बघा. पिशवीत काय हाय ते झाडासाठी मोजलंय, मानसासाठी न्हाई. त्यात आनिक काय मिसाळलंय ते मला म्हाईत न्हाई, तुमाला न्हाई, आन् इकनाऱ्यालाबी न्हाई. झाडाची मुळी जळाली तर दुसरी फुटती. मानसाचं काळीज जळालं तर दुसरं फुटत न्हाई. आमचं इंजेक्शनसुदीक जोरात गेलं तर काळीज बंद पडतंय. मग ह्या डब्याचं तर बोलूच नका."

"मग तुमी तेच हाय म्हणाला कशापायी?" स्वप्नालीनं विचारलं.

"चुकले."

तानुबाई म्हणाली, डबा तेवढा घासून परत द्या, माहेरचा आहे.

इंद्रजित परत आला तेव्हा धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. इंजेक्शनचं खोकं शर्टाच्या आत. डब्याचं त्याला बायकोनं दारातच सांगितलं. तो आत येऊन खाली मान घालून उभा राहिला. नूरजहांनं खोकं घेतलं आणि त्यावरची तारीख वाचली. पुढचा सगळा वेळ तो विचारल्याशिवाय खाटेच्या दांडीलासुद्धा हात लावत नव्हता.

आधी तिनं चालू असलेली आरेल नावाच्या सलाईनची बाटली उतरवली. तिच्यात कॅल्शियम असतं. नळीसुद्धा बदलली. लघवीची पिशवी बघितली, किडनी चालू आहे याची खात्री. पोटॅशियमचा आकडा डॉक्टरांना परत वाचून दाखवला. छातीला मॉनिटरच्या तारा लावल्या. इंजेक्शन साध्या सलाईनच्या बाटलीत मिसळलं आणि मिसळण्याआधी दुसऱ्या शिष्टरला, तरन्नुमला, बोलावून लेबल मोठ्यानं वाचायला लावलं. तरन्नुम नवीन होती. म्हणाली, बाजी, तुम्हीच वाचलंय की आत्ता. नूरजहां म्हणाली, मी आज काय काय केलंय ते तुला कळलं नाही अजून. वाच.

मग पंप आणला. इंद्रजितनं खाली घातलेली मान वर केली.

"पंप लावनार?"

"व्हय."

"किती एचपीचा?"

"ह्याला एचपी नसतंय. हा सावकाश चालायसाठीच केलाय."

सावकाश चालावं म्हणून कोणी पंप विकत घेईल, हे त्याला झेपायला वेळ लागला. त्यानं बटणावरचा आकडा बघितला, नळीतला थेंब बघितला, बापाकडं बघितलं. मग न राहवून बोलला, "हितं जीव चाललाय आन् सहा तास?"

"जीव चाललाय म्हणूनच सहा तास."

पंप सुरू झाला. त्यानंतर त्या खाटेभोवती काही घडलं नाही, आणि काही न घडणं हेच त्या दुपारचं मोठं काम होतं. नूरजहां येऊन जाऊन बघत होती. मॉनिटर, हाताची शीर सुजली का, श्वास. तरन्नुम मधे मधे बीपी घेत होती. इंद्रजित पंपापुढं असा बसला होता, जणू कोणी तो चोरून नेणार आहे. प्लास्टरवाल्यानं मोबाईलचं चार्जर लावायला बोर्डाकडं हात नुसता लांबवला, तर इंद्रजितनं त्याला सांगितलं की ह्या बोर्डाच्या आसपास दिसलास तर दुसऱ्या पायालाबी प्लास्टर बसंल.

निम्मी बाटली गेली असेल नसेल. आकाराम पुटपुटला. तानुबाईनं कान लावला आणि सांगितलं, मुंग्या आल्यात म्हणतोय.

नूरजहां तीन खाटा पलीकडं होती. हातातलं तिथंच ठेवून आली आणि आधी पंप थांबवला. विचारलं नाही, थांबवला. फॉस्फेटनं रक्तातलं कॅल्शियम ओढलं गेलं तर पहिल्या मुंग्याच येतात, मग बोटं वळतात, मग काळजाचा ताल जातो. तरन्नुमला डॉक्टरांकडं पळवलं. मॉनिटरवरची रेघ नीट होती. तिनं म्हाताऱ्याच्या तोंडापाशी वाकून विचारलं.

"आबा, मुंग्या कुठं? वठाला हाईत का?"

"वठाचं म्हाईत न्हाई," आकाराम सावकाश म्हणाला. दिवसभरातलं त्याचं पहिलं पुरं वाक्य. "हात गेलाय."

"कुठला?"

"हिच्या बुडाखालचा."

नूरजहांनं बघितलं. तानुबाई सरकत सरकत खाटेवर आली होती आणि नवऱ्याच्या मोकळ्या हातावर बसली होती. किती वेळ बसली होती ते तिलाही सांगता येईना. ती उठली. हातावर लुगड्याच्या काठाचा शिक्का उमटला होता.

"आदी सांगायचं न्हाई व्हय?" ती नवऱ्याला म्हणाली.

"बोलवत नव्हतं."

इंद्रजित पंपाकडं हात करून म्हणाला, मग चालू करा की आता. नूरजहांनं नाही म्हटलं. बुडाखालचा हात हे एक कारण झालं. दुसरं कारण नाहीच हे तिला कोण सांगणार? डॉक्टर आले, बोटं, गाल, रेघ तपासली, कॅल्शियमला रक्त पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत पंप बंद. इंद्रजितचा पाय एका जागी ठरेना. तो दारापर्यंत जायचा आणि यायचा. मघाशी बाटली उघडी सोडणारा माणूस आता बंद बाटली बघून घामाघूम झाला होता. पण हात लावला नाही त्यानं.

कॅल्शियम जागेवर होतं. डॉक्टरांनी पंप परत सुरू करायला सांगितला, आधीपेक्षाही हळू. सहाच्या जागी आता आठ तास होणार. नूरजहांनं ते इंद्रजितला सांगितलं आणि उत्तराची वाट बघितली.

"हुंदे," तो म्हणाला. "आमाला कुठं जायाचंय?"

बाटली संपली तेव्हा रात्र बरीच झाली होती. रक्त परत तपासायला गेलं. आकडा वर आला होता. जेवढा हवा तेवढा नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या रक्त बघून लागली तर अजून एक, अशीच. घाई नाही. तानुबाईनं विचारलं, मग आता एक घोट दूध? चारी बाजूनं नाही आल्यावर तिनं परत विचारलं नाही.

नूरजहांनं खाटेपाशी जाऊन म्हाताऱ्याच्या मुठीत आपली दोन बोटं दिली.

"दाबा, आबा."

आकारामनं दाबली. श्वास आता पोटातनं चालत होता, सावकाश, खालपर्यंत. तो दाबत राहिला. मेंढरं धरलेला हात तो. नूरजहांच्या कपाळावर आठी आली.

"सोडू का?" त्यानं विचारलं.

"सोडा."

त्यानं सोडली. ती बोटं चोळत उभी राहिली. इंद्रजित काहीतरी बोलायच्या तयारीत होता, बहुतेक आभाराचं, पण ते त्याला नीट जमणार नव्हतं आणि तिला ऐकायला सवड नव्हती. तिकडनं कोपऱ्यातल्या खाटेवरची हरणाबाई केव्हाची हाक मारत होती. तिच्या मांडीचं हाड बसवलेलं, खाटेवरनं उठायची बंदी, आणि तिला लघवीला लागली होती.

"आले, आले," म्हणत नूरजहां भांडं आणायला गेली.